दहा तारखेची गृहभेट

मला माणसांचं कौतुक करायची सवय नाही. मोडनिंबला आमच्या गल्लीत मला लहानपणापासून तिरक्या डोक्याची म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. कुणी गोड बोलायला लागलं की याला काय हवंय, हे मी आधी बघते. तरी आज विजयमालाताईंबद्दल लिहायला बसले आहे. या बाईनं मला जेवढं थक्क केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि ते आतल्या आत ठेवून मला चैन पडत नाही.

ताई सोलापुरातल्या एका संस्थेत समाजकार्यकर्ती आहेत. संस्थेचं नाव सांगत नाही. पुढं जी चूक येणार आहे ती माझी आहे, संस्थेची नाही. काम मुलांचं. कमी वयात ठरलेलं लग्न थांबवायचं, पळून आलेलं पोर घरी पोचवायचं, आणि त्यानंतर महिन्याच्या महिन्याला त्या घरी जाऊन सगळं ठीक आहे ना, ते बघून यायचं. या शेवटच्या कामाला आम्ही गृहभेट म्हणतो. ताईंचं वय त्रेपन्न. माहेर अक्कलकोटकडचं, घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची असली तर दखनी. मी अंकिता, त्यांच्या हाताखाली अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. माझ्याकडं तेव्हा चौऱ्याऐंशी मुलं होती आणि आम्हा पाचजणींत मिळून एक बोलेरो.

आमच्यावर फार ताण असतो, असा शोध वरच्यांना अधूनमधून लागतो. मग पुण्याहून कुणीतरी येतं. त्या वर्षी आलेल्या सरांनी आम्हाला डोळे मिटून समुद्रकिनाऱ्यावर जायला सांगितलं. बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा बंद. त्यानंतर प्रत्येकीनं आपला ताण कागदावर लिहायचा आणि तो कागद फाडून टाकायचा, असा खेळ होता. मी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. ताईंचा कागद कोरा. सरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा ताण म्हणजे दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी आहेत. त्या लिहायची मला परवानगी नाही." सगळ्या हसल्या. सरही हसले. ताई विनोद करत नव्हत्या, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही सोनमचं लग्न थांबवलं. सोनम हे तिचं खरं नाव नाही, तेव्हा उगाच शोधू नका. सांगोल्याकडच्या कोरड्या पट्ट्यातलं मेंढपाळाचं घर, पोरगी पंधरा वर्षांची, आठवी पास. वडील बिरुदेव आणि आई बनाबाई यांनी पोरीला अठरा पुरी होईपर्यंत तिचं लग्न करणार नाही, असं हमीपत्र लिहून दिलं. पोरगी गावातच आत्याकडं राहून नववीला जाईल, असं ठरलं. निघताना मी सोनमला बाजूला घेऊन सांगितलं, की दर महिन्याच्या दहा तारखेला मी येणार, काही झालं तरी येणार, तुला काही सांगायचं असलं तर मला सांग. तिनं खात्री करून घेतली, "दर धा तारखेला?" मी म्हटलं, दर दहा तारखेला.

दिवाळीपर्यंत गेले. दिवाळीनंतर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मेंढरं घेऊन जगायला गेली सगळी, पोरीलाबी नेलं. पाऊस संपला की ही माणसं चाऱ्यामागं कळप घेऊन निघतात आणि पुढच्या पावसाला परततात. त्याला ती जगायला जाणं म्हणतात. मी गृहभेटीच्या तक्त्यात लिहिलं, "घर बंद. कुटुंब स्थलांतरित." डिसेंबरच्या दहाला पुन्हा गेले, पुन्हा कुलूप, पुन्हा तीच ओळ. जानेवारीच्या दहाला मात्र गेलेच नाही. आदल्या दिवशी एका भाजलेल्या मुलीपाशी दवाखान्यात बसून अंग मोडून आलं होतं. ज्या घराला कुलूप आहे तिथं नव्वद किलोमीटर जायचं, ते कुलूप बघायला, याचा मला मनापासून राग आला. ऑफिसातच बसून लिहिलं, "घर बंद." खाली सही केली आणि चहा प्यायले.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सोनमच्या शाळेतल्या वैजयंती मॅडमचा फोन आला. सोनमच्या मैत्रिणीकडून त्यांना कळलं होतं, की येत्या शुक्रवारी तिचं लग्न आहे. गावात नाही, वाटेत, कळप असेल तिथं. ना मांडव, ना पत्रिका, ना वाजंत्री. दोन कळप कुठल्याशा रानात एकत्र येणार, अक्षता पडणार आणि पोरगी या कळपातून त्या कळपात जाणार. रान कुठलं, ते मैत्रिणीलाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवता ठेवता मॅडम म्हणाल्या, की बिचारी दहा जानेवारीला एकटी एसटीनं गावात आली होती. तुम्ही येणार म्हणून दिवसभर घरापाशी बसली आणि शेवटच्या गाडीनं परत गेली.

फोन स्पीकरवर होता आणि ताई समोर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. मी फाईल दिली. त्यांनी दहा जानेवारीची ओळ वाचली, परत वाचली, आणि विचारलं, की त्या दिवशी तू कुठं होतीस. मी म्हटलं, इथंच, या खुर्चीवर. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल मिटून माझ्यापुढं ठेवली आणि माझंच रडं फुटलं. मला हे काम झेपत नाही, मी आत्ताच्या आत्ता राजीनामा देते, असं काहीबाही बोलत सुटले.

"राजीनामा शनिवारी लिही," ताई म्हणाल्या. "आज बुधवार आहे. शुक्रवारच्या आत पोरगी सापडायला पाहिजे की."

आणि त्या कामाला लागल्या. मला वाटलं होतं, पोलिसांना कळवायचं आणि वाट बघायची. पोलिसांना त्यांनी कळवलंच, पण जिल्हा केवढा आणि त्यात कळप किती. ताईंनी सोनमच्या शेजारणीला फोन लावून विचारलं, त्यांचा घोडा कसला आहे. ही माणसं सगळा संसार घोड्यावर लादून चालतात. शेजारीण म्हणाली, पांढरी घोडी हाय, येक डोळा निळा. ताईंनी तेवढंच कागदावर लिहून घेतलं. मग त्या माणसं सोडून रानं शोधायला लागल्या. बागायतदार पीक निघालं की खतासाठी रानात मेंढरं बसवतात. कळप दोन-चार दिवस एका रानात राहतो आणि पुढच्या रानात जातो. ज्याच्या रानातून कळप उठला त्याला तो कुणाकडं गेला हे बहुतेक ठाऊक असतं. कळपांना औषधं देणाऱ्या नातेपुत्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांपासून त्यांनी सुरुवात केली. डॉक्टरांनी एका शेतकऱ्याचा नंबर दिला, त्यानं दुसऱ्याचा.

प्रत्येक फोनला तोच शांत आवाज. नमस्कार, मी सोलापूरहून विजयमाला बोलते, तुमच्या रानात निळ्या डोळ्याच्या घोडीचा कळप बसला होता का. कशाला पाहिजे म्हणून विचारलं की, त्यांच्या पोरीच्या शाळेचं काम आहे. तीनदा कुणीतरी फोन आपटला, तरी चौथ्याला नमस्कार तितकाच नीट. मी मध्येच सुचवलं, की आम्हालाच मेंढरं बसवायची आहेत म्हणून सांगा, पटकन पत्ता देतील. ताईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. खोटं बोलायचा सल्ला द्यायला मी दिवस मात्र छान निवडला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास माग अकलूजच्या एका आबासाहेबांपाशी येऊन थांबला. निळ्या डोळ्याची घोडी त्यांच्या रानातून परवाच उठली होती. कुठं गेली ते त्यांच्या भावाला माहीत, भाऊ कारखान्यावर गेलेला, आला की फोन करतो म्हणाले. मी फोनकडं डोळे लावून बसले. ताईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, चल, इथं बसलीस तर तुला वेड लागेल.

त्यांनी मला सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत नेलं. तिथं एका बोळात सुंदरम्मा नावाच्या बाईंचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, चार माग. नवरा थकलेला, त्यामुळं माग सुंदरम्माच बघतात. चार माग एकदम चालू असले म्हणजे काय आवाज होतो, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. तो कानात कमी आणि छातीत जास्त वाजतो. शेजारी कुणी किंचाळलं तरी पत्ता लागणार नाही. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या, अगदी सवयीनं, आणि बोलायला लागल्या.

मी आधी घाबरले. त्यांचे ओठ हलत होते, हातवारे होत होते. डोळे भरून आले, मग कपाळावर शीर उठली, मग कुणालातरी सणसणीत शिव्या चालल्यासारखं वाटलं. मधूनच त्या भिंतीकडं तोंड करायच्या आणि परत वळायच्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आणि तेव्हा मला तो कोरा कागद कळला. जे घरी नवऱ्याला सांगता येत नाही, मैत्रिणीला सांगता येत नाही, पुण्याच्या सरांच्या कागदावर लिहिता येत नाही, ते ही बाई आठवड्यातून दोनदा इथं येऊन मोठ्यानं बोलून टाकत होती. वीस वर्षं. अर्ध्या तासानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, स्टूल माझ्याकडं सरकवलं, आता तू, अशी खूण केली आणि बाहेर निघून गेल्या.

मला लाज वाटली. पलीकडं सुंदरम्मा मागाशी उभ्या होत्या, तुटलेला धागा सांधत. थोड्या वेळानं मी पुटपुटले, मी गेले नाही. आवाज माझा मलाच आला नाही. मग जरा मोठ्यानं, मग पार घसा फाटेपर्यंत. मी गेले नाही, ती दिवसभर बसली होती, मी खोटं लिहिलं. किती वेळ ओरडत होते कोण जाणे. गप्प झाले तेव्हा घसा दुखत होता आणि कितीतरी आठवड्यांनी मला भूक लागली होती.

बाहेरच्या नळावर तोंड धूत होते तर सुंदरम्मा तांब्या घेऊन आल्या. ताई बोळाच्या तोंडाशी फोनवर होत्या. सुंदरम्मा हलकेच म्हणाल्या, "त्या दिवशी गेली नाहीस तर नाही. उद्या जा." माझ्या हातातून साबण पडला. त्यांना माझी गंमत वाटली असावी. "चाळीस वर्षं मागावर आहे मी. आत कानानं कोण ऐकतंय? ओठ बघायचे."

म्हणजे ताईंचंही, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळं कळतं. कुणाला मारलं, कुणाला विकलं, कोण मेलं. पण नाव एकाचं पण माहीत नाही. नाव आलं की ती भिंतीकडं वळते."

म्हणजे ताईंना ठाऊक होतं की ही बाई ओठ वाचते. सुंदरम्मांना ठाऊक होतं की ताईंना ठाऊक आहे. वीस वर्षांत दोघींनी एकमेकींजवळ त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एकीनं जिल्ह्यातलं दुःख सांगितलं, दुसरीनं टॉवेल विणता विणता ते पोटात ठेवलं, आणि जिथं ऊर फुटायची वेळ तिथंसुद्धा नावापुरती मान वळवायचं भान सुटलं नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, गोपनीयतेवर मला चांगले मार्क होते. त्या बोळात मला ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

ताई फोन ठेवून आल्या. आबासाहेबांचा भाऊ घरी आला होता. कळप वेळापूरच्या रस्त्याला, नुकत्याच ऊस गेलेल्या एका रानात होता.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही तिथं पोचलो. ग्रामसेवक आणि महिला पोलीस बरोबर होत्या. ताईंनी त्यांना सडकेवरच थांबायला सांगितलं. जाळीच्या कुंपणात कोकरं, तीन दगडांची चूल, आणि बाभळीखाली निळ्या डोळ्याची घोडी. कालपर्यंत ती ताईंच्या कागदावरची एक ओळ होती. पुरुष मेंढरांमागं गेले होते. सोनम कोकरांपाशी होती. बनाबाई आम्हाला बघून चुलीपासून उठल्या.

आता कशाला आलाय, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मी ऐकत गेले तसं मला कळत गेलं, की आमच्या फाईलमध्ये या घरातलं काहीच नव्हतं. आत्याच्या नवऱ्याची नजर वाईट म्हणून पोरीला तिथून काढलं होतं. कळपाबरोबर दर चौथ्या दिवशी नवं रान, नवी माणसं, वर उघडं आभाळ, आणि हाताशी आलेली पोर. लग्न लावलं तर निदान तिच्या पाठीशी एक घर राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता. "लगीन थांबवून तुमी गेला," त्या म्हणाल्या. "येनार म्हनला हुता. कुटं आला?"

ताई त्यांच्यासमोर मातीत बसल्या. "यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मी आले नाही. चूक माझी आहे."

वीस वर्षांत एकही गृहभेट न चुकवलेल्या बाईचं हे वाक्य. गाडीत त्यांनी मला याबद्दल काही सांगितलं नव्हतं. बनाबाईंनी तोंडाला येईल ते सुनावलं आणि ताईंनी ते मान खाली न घालता, मध्ये न बोलता ऐकून घेतलं. बनाबाई दमल्या तेव्हा ताईंनी वही काढली आणि विचारलं, की कार्तिकात तुम्ही कुठं असता, पौषात कुठं, चैत्रात कुठं. सगळी वाट लिहून घेतली. आम्ही पत्त्याच्या रकान्यात जे गाव लिहिलं होतं तिथं या माणसांचं एक कुलूप आणि तो आत्याचा नवरा, एवढंच होतं. वर्षातले चार-पाच महिने त्यांचं घर अकलूजच्या आसपास असायचं. अकलूजला मुलींची शाळा होती, वसतिगृह होतं. तिथं पोरगी राहिली तर तेवढे महिने आईला दर रविवारी चालत जाऊन भेटता येणार होतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण घर म्हणजे भिंती, असं आमचा तक्ता धरून चालतो.

दुपारी बिरुदेव आले. आधी तापले, मग खाली बसले, आणि शेवटी त्यांची खरी अडचण बाहेर आली, की मुलाकडच्यांना कोणत्या तोंडानं सांगू. ताई म्हणाल्या, मी सांगते. दुसरा कळप तीन किलोमीटरवर होता. त्या भर उन्हात बिरुदेवांबरोबर चालत गेल्या, त्या लोकांची बोलणी खाल्ली, भाकरीही खाल्ली आणि परत आल्या. शुक्रवारी सोनम बालकल्याण समितीसमोर उभी राहिली आणि सोमवारी वसतिगृहात गेली. आज ती अकरावीला आहे. समितीला दिलेल्या अहवालात ताईंनी स्वच्छ लिहिलं, की दहा जानेवारीची नोंद खोटी आहे, गृहभेट झालेली नाही. खाली माझी सही घेतली आणि शेजारी आपली केली. दोघींना नोटीस आली. शनिवारी त्यांनी मला विचारलं, राजीनामा लिहिलास का. मी म्हटलं, वेळ नाही मिळाला.

पण त्या गुरुवारचं एक सांगायचं मी मघापासून टाळते आहे.

ताईंनी चूक माझी आहे म्हटलं आणि बनाबाई त्यांच्यावर तुटून पडल्या, तेव्हा मी मागं पिशवी धरून उभी होते. सोनम हातात कोकरू घेऊन जवळ आली होती. ती ताईंकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. दर दहा तारखेला येते म्हणून कुणी सांगितलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं, ताईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं. त्यांनी ते घेतलं म्हणूनच मला गप्प राहवेना. मी म्हटलं, सोनम, यायचं मला होतं. मी ऑफिसात बसून राहिले आणि घर बंद होतं असं लिहून टाकलं.

सोनमनं कोकरू खाली सोडलं. पंधरा वर्षांची पोर, जिचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, ती माझ्यापाशी आली आणि माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली,

"घर बंदच हुतं की, म्याडम. किल्ली आत्तीकडं हुती. मी भाईर बसले हुते."

ताईंनी माझा हात ओढून मला खाली, त्या मायलेकींच्या शेजारी बसवलं.